मांडीवरचा पंजा

सारंगखेडा, २ डिसेंबर २०२४

ती. दादास,
काजलचा शि. सा. न. वि. वि.

आईच्या डाव्या मांडीवर हा हात कोणाचा उमटलाय? फोनवर बोलले तर आई ऐकते, म्हणून पत्र.

एमएसची, तिच्या मज्जातंतूंच्या आजाराची, इंजेक्शनं मी आठवड्यातून तीनदा देते, त्याला वर्ष झालं. आधी लाल गाठी यायच्या, जिरायच्या. आता कातडी आत बसून पाच खड्डे पडलेत. चार ओळीने, एक बाजूला. शेजारची बेबीबाई बघून पदर तोंडाला लावून निघून गेली. औषधाने कातडीखालची चरबी विरते, हे मी तिला समजावलं होतं. बीएस्सीचा तेवढा तरी उपयोग. पण पंजासारखी का विरावी?

आई खूश आहे. म्हणते, तुन्हा बाप मन्हा पाय धरी ऱ्हायना. म्हणजे आप्पांनीच पाय धरून ठेवलाय, आणि त्यांना जाऊन चार वर्षं झाली. ती खड्ड्यांशी हळू बोलते, उत्तरासाठी थांबते. त्यांच्या हाताला टोचेल म्हणून आता सुई नको म्हणते. औषध थांबलं आणि आजाराचा झटका आला, तर ती पुन्हा चालेल का?

उत्तराची वाट पाहते.
काजल

सुरत, ७ डिसेंबर

चि. काजल,
अनेक आशीर्वाद.

पंडितीणबाई, आप्पांचं मधलं बोट कडबाकुट्टीत अर्धं गेलं होतं, विसरलीस? खड्डे पाचही पुरे आहेत ना? मग हात त्यांचा नाही. दवाखान्यातल्या सिस्टरना फोन केला. त्यांनी पहिलंच विचारलं, बहीण सुईची जागा बदलते का? खरं लिही. आणि जेवत जा.

तुझा योगेंद्र

सारंगखेडा, १२ डिसेंबर

ती. दादास,
सा. न.

काल दुपारी आईचा डोळा लागला होता. मी खड्ड्यांवर डावा पंजा ठेवला. पाचही बोटं बसली. दादा, हात माझाच आहे. पाय थरथरतो म्हणून मी डाव्या हाताने धरते, एक बोट उचलते आणि तिथेच टोचते. दर वेळी वेगळं बोट, म्हणून जागा बदलतेय असं वाटायचं. ती उजव्या कुशीवर निजते, पोट उघडायला लाजते, दंडावर आप्पांचं नाव गोंदलेलं, तिथे टोचू देत नाही. म्हणून वर्षभर तीच मांडी.

हात काढणार, तोच आईने तो वरून घट्ट धरला. डोळे मिटलेलेच. म्हणाली, इतला दिन गप्प ऱ्हायनात, आते तरी बोला.

सगळ्यांना विज्ञान सांगणारी मी, बोलले. आप्पांसारखा आवाज जाड करून म्हटलं, सुई बंद करू नको, दंडवर घे, मन्हा नावना जोडे.

आज सकाळी तिने आपणहून दंड पुढे केला, गोंदलेल्या नावाजवळ बोट ठेवलं. मी टोचलं.

हे वाचून माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
काजल