छत्रीवरची स्थळं

११ एप्रिल, शुक्रवार. शांघाय.
पोरीनं, पल्लवीनं, ऑफिसले सुट्टी टाकून बाग दाखवली. भल्ली मोठी. पण कायची बाग, बाप्पा! गवतावर पाय ठेवायचा नाही, फुलाले हात लावायचा नाही. तलाव आहे, त्याच्यावर धानाच्या शेताची एक बांधी भिजत नाही. नुसत्या नावा फिरवतात. आमच्या लाखनीत असता तर चार गावची धानाची रोवणी झाली असती. म्हातारे उलटे चालून राहिले होते. म्हणे गुडघ्याले चांगलं. भैताड लेकाचे.
बायकोचा फोन, दोनदा. तुमसरच्या स्थळाच्या पाहुण्यायले सोमवारी निरोप द्यायचा आहे. "पोरगी परत येते का नाही, एवढं विचारा. त्याच्यासाठीच पाठवलं तुमाले." विचारतो म्हटलं. चहा पेलो, बिनदुधाचा, पत्ती तोंडात. विचारलं नाही.

१२, शनिवार.
पुन्हा तीच बाग. आज रांगेनं छत्र्या उघडून जमिनीवर ठेवलेल्या. ऊन ना पाणी. प्रत्येकीवर कागद चिकटवलेला. पल्लवी म्हणे, "बाबा, हे लग्नाचे बायोडाटे आहेत. शनिवार-रविवारी मायबाप घेऊन बसतात." जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार. थू! पोटच्या पोरीले वांग्यासारखं बाजारात मांडलं. लाज नाही, शरम नाही. मोठ्यानंच बोललो. इथं कोणाले समजते!
पल्लवीले समजलं. "मंग तुमच्या बॅगेत माझ्या बायोडाट्याच्या पंधरा झेरॉक्स कायच्या?"
बायकोनं टाकल्या होत्या. विमानात आपल्या समाजाचं कोणी भेटलं तर, म्हणून. मी काय करू त्याले?


१३, रविवार.
आज तिनंच बागेत नेलं. बाकावर बसवलं, एक झेरॉक्स हातात.
"वय एकोणतीस? मी बत्तीसची आहे, बाबा."
सारेच कमी करतात म्हटलं.
"अन् रंग निमगोरा?" तिनं हात माझ्यासमोर धरला. मी तलावाकडं पाहिलो. बाजूच्या छत्रीवाल्या म्हातारीनं मले संत्र सोलून दिलं. तिले वाटलं असन, हाही आपल्यातलाच. आंबट होतं. संत्र कशाले म्हणतात, माहीतच नाही या लोकायले.
मंग पल्लवी म्हणे, "मागच्या बाजूनं नवा लिहा. मी सांगते."
वय बत्तीस. लिहिलो. रंग सावळा. लिहिलो. स्वयंपाक येत नाही. तेही लिहिलो.
"भारतात परत यायचा विचार नाही."
पेन चालत नाही म्हटलं. तिनं पर्समधून दुसरा काढून दिला. बापाले कारकून समजते का काय! फार राग आला. टोपण लावून पेन परत दिला. ओळ लिहिली नाही.

१४, सोमवार.
सकाळीच बायकोचा फोन. "काय म्हणते पोरगी?"
"बायोडाटा नीट करून देऊन राहिली."
"तो राहू द्या. येते का नाही?"
पल्लवी समोरच उभी. फोन तिच्या हातात दिला. ती गॅलरीत गेली अन् काचेचं दार लावून घेतलं. तोंड हलताना दिसते. आयकू काही येत नाही.