दाराची किल्ली

नीनू,

मी मिठागरावर चाललेय, दुपारी येईन. पाव, टोमॅटो आणि शेळीचं चीज ओट्यावर झाकून ठेवलंय, ते खाऊनच बाहेर पड. मेलबर्नहून चार दिवसांसाठी आलायस, आपलं गोझो बेट बघायचंय तर खुशाल बघ. नकाशा टेबलावर राहिला होता, तो पिशवीत घातलाय.

काल मिठागरावर ज्या म्हातारीचा फोटो काढून इंग्रजीत "थँक यू" म्हणालास, ती आपली झेपामावशी. ती नुसती हसली.

आणि काल संध्याकाळी बेल वाजवून दारात उभा राहिलास, तसं आज करू नकोस. किल्ली बाहेरून दारालाच लावलेली असते, आपल्या गल्लीत सगळ्यांचीच असते. बेल फक्त परकी माणसं वाजवतात.

– आई