डावा हात यंत्राचा

सोमवार, १७ मार्च

बुटके,

रविवार, ९ मार्च, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. ही वेळ नीट लक्षात ठेव. त्या वेळी वाचनालयाच्या हॉलमध्ये, भरल्या सभेत, तू माझ्या पियानोच्या झाकणावर एक डबा ठेवलास, त्याचं बटण दाबलंस आणि त्याच्या साथीवर गायला लागलीस. मी पहिल्या रांगेत बसले होते. मांडीवर नोटेशनची फाइल, चष्मा पुसून तयार, आणि तू कधी हाक मारतेस याची वाट बघत.

तू बरी असशील. तुझ्या नवऱ्याचा खोकला कमी झाला असेल. मी ठीक आहे. शिष्टाचार संपला, आता पुढचं ऐक.

शेजारी ते रिटायर्ड पोस्टमास्तर होते. कानाशी वाकून म्हणाले, "काय बाई, आज सुट्टी?" मी म्हटलं, "हो, भरपगारी." ते हसले, मीही हसले. माझं तोंड तेवढं तिथे हसत होतं. बाकीची मी कधीच उठून बाहेर गेले होते.

मग आपल्या आईचं पाळण्याचं गाणं आलं. दुसऱ्या कडव्यात वरच्या सुराआधी तू लांबलचक श्वास घेतेस. शाळेपासूनची खोड आहे तुझी. म्युझिकच्या सिस्टर फूटपट्टी आपटून थकल्या, पण ती गेली नाही. इतकी वर्षं मी त्या जागी काय करते? थांबते. तोच कॉर्ड, तीच सुरांची जुडी, धरून ठेवते आणि तू वर पोचलीस की पुढे निघते. लोकांना वाटतं, गाणं मुळातच तसं आहे. डबा थांबला नाही. तू वर पोचलीस तेव्हा तो पार पुढच्या ओळीत होता. तू एकटी लोंबकळत राहिलीस आणि मग धापा टाकत त्याच्यामागे धावलीस. मला बघवेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजारी माणसाला "आज अगदी टवटवीत दिसताय" म्हणतात ना, तसल्या टाळ्या.

बाहेर पायऱ्यांवर तू म्हणालीस, "अगं, तुझ्या हाताला त्रास नको म्हणून केलं."

"हात माझा आहे. त्रास झाला तर मी बोंब मारीन."

"आजवर कधी मारलीस?"

त्यावर मी टॅक्सीत जाऊन बसले. दार जोरात आपटलं ते मुद्दाम. खिडकीतून तू वर आणखी सांगत होतीस, "एक वेबसाइट आहे, अगदी सोपं असतं, कुणालाही जमतं." कुणालाही! उभा जन्म मी जे केलं ते कुणालाही जमतं, हे मला रस्त्यावर उभं राहून सांगितलंस.

अक्षर वाकडं येतंय, पेन भिकार आहे. आपल्या शाळेत असलं अक्षर काढलं असतं तर सिस्टरनी वही खिडकीबाहेर फेकली असती.

घरी येऊन तुझी ती वेबसाइट उघडली. शत्रूचं घर आतून बघावं म्हणून. चौकोनी घरांची एक ओळ असते. एकेका घरात एकेक कॉर्ड टाकायचा, वेग ठरवायचा, वाद्यं निवडायची, की ते न दमता, पाणी न मागता वाजवत राहतं. सुरुवातीलाच विचारतं, मूड कोणता? आनंदी, उदास, स्वप्नाळू, भव्य. खवळलेली म्हातारी हा पर्याय नव्हता. मी उदास निवडला.

आणि तिथे एक बटण आहे. 'माणसासारखं वाजवा.' ते दाबलं तर यंत्र बारीकसं चुकायला लागलं. एखादा सूर किंचित उशिरा, एखादा जरा लुळा. चुकायचं बटण, बुटके! माझा हात उशिरा पडतो म्हणून मला उठवलंस आणि मुद्दाम उशिरा वाजवणारं यंत्र माझ्या जागी आणून बसवलंस. मी एकटीच खोखो हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मग हसू थांबलं आणि पाणी थांबेना.

पेन भिकार नाही. चांगलं आहे, नवंच आहे.

जानेवारीत मी तुला सांगितलं की डावा हात मुरगळला. मुरगळला नव्हता. नसांचा आजार आहे. डॉक्टरीणबाईंना विचारलं, "बरा होईल का?" त्या म्हणाल्या, "सावकाश वाढेल." मी म्हटलं, "वाढायचं नाही विचारलं, बरं व्हायचं विचारलं." त्या माझ्या रिपोर्टकडे बघत राहिल्या. कपाळ धुऊन आल्यासारखा कोरा चेहरा. मला उत्तर मिळालं.

फेब्रुवारीच्या कार्यक्रमात डाव्या हाताची दोन बोटं पट्ट्यांवर पडलीच नाहीत. तू आधार शोधत मागे वळून बघितलंस. मी नोटेशनमध्ये डोकं खुपसून बसले. घरी जाताना तू माझा डावा हात तुझ्या कोटाच्या खिशात घेऊन चालत राहिलीस. म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं. मग मला विचारलं का नाहीस? विचारलं असतंस तर मी तुला फाडून खाल्लं असतं, हे खरं. तरी विचारायचं होतंस.

मंगळवारी त्या वेबसाइटवर एक गोष्ट सापडली. त्यातले भाग वेगवेगळे गप्प करता येतात. आईच्या गाण्याचे कॉर्ड घरांत भरून मी पियानोचे वरचे सूर बंद केले आणि खालचे, डाव्या हाताचे, तेवढे ठेवले. उजवा हात घेऊन पियानोवर बसले. यंत्राने मलाही तुझ्यासारखंच मागे टाकलं. पुन्हा बसले, पुन्हा टाकलं. त्या हॉलमध्ये तुझं काय झालं ते तेव्हा कळलं. मग मी तुझ्या श्वासाच्या जागी एक घर जास्त टाकलं, तोच कॉर्ड. शेवटच्या ओळीआधी आणखी एक, माझ्यासाठी. यंत्र कुणासाठी थांबत नाही, पण कुठे थांबायचं ते त्याला आधी बजावून ठेवता येतं.

गाणं शेवटपर्यंत गेलं. माझा डावा हात मांडीवर पडून होता आणि त्याचे सूर खोलीत वाजत होते.

शेजारीण जिन्यात भेटली. "रोज ऐकू येतंय. कार्यक्रम आहे वाटतं?" मी म्हटलं, "आहे ना. एप्रिलचा दुसरा रविवार." धडधडीत खोटं. कार्यक्रम तुझा आहे, माझा नाही.

आता जे लिहायचं नव्हतं ते. गुरुवारपासून उजवी करंगळी ऐकत नाही. कपाचा कान सुटतो. शुक्रवारी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "वाजवायचं असेल तर आता वाजवून घ्या." 'आता' म्हणाल्या. मेमध्ये नाही, पावसाळ्यानंतर नाही. हे पत्र मी कालपासून लिहितेय. चार ओळी झाल्या की हात टेबलावर ठेवून बसते.

बुटके, मला एप्रिलमध्ये पियानोवर बसव. डबा राहू दे, मी त्याच्याशी भांडणार नाही. डावी बाजू त्याची, उजवी माझी, मध्ये तू उभी. एकदाच. गाणी सोबतच्या पेन ड्राइव्हवर आहेत, तुझे सगळे श्वास मोजून घातलेत. मी भीक मागतेय. ही भाषा मला कुणी शिकवली नाही, म्हणून भांडणासारखी वाटली असेल.

फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस, मग मीच तुझी समजूत काढते आणि मुद्दा तिथेच राहतो. मला लेखी उत्तर पाहिजे. शनिवारी, २९ मार्चला दुपारी कार्यक्रमपत्रिका छापायला जाते, हे मी वाचनालयात विचारून ठेवलंय. त्या दिवशी बाराच्या आत तुझ्या हाताने लिहिलेला कागद माझ्या दाराच्या फटीतून आत आला पाहिजे. त्यावर हो किंवा नाही. कारणं नकोत.

आणि दया येऊन 'हो' लिहिणार असशील तर लिहू नकोस.

नाही, लिही. दया येऊन लिही, घाबरून लिही, लोक काय म्हणतील म्हणून लिही. पण बाराच्या आत लिही.

दाराशी खुर्ची ओढून बसलेली,
तुझी मोठी