बुजवलेली तिकीटखिडकी

अहो,

मी विश्रांतवाडीला माझ्या थोरल्या बहिणीकडे, आपाकडे जातेय. खिमा झाकून ठेवलाय, गरम करून घ्या.

आज गवंड्याला बोलावून स्वयंपाकघरातली जुनी तिकीटखिडकी मी बुजवून घेतली. इंग्रजांच्या या बंद पडलेल्या स्टेशनाचं घर तुमच्या पहिल्या बायकोनं केलं, मान्य. अल्लाह जरीनाला जन्नत देवो. दगडी कमानींवरचा चुना तिनं खरवडून घेतला, बायकांच्या वेटिंग रूमची झोपायची खोली केली, फलाटाच्या लोखंडी खांबांचा हिरवा रंगही तिचाच. निकाहच्या दिवशी तुमच्या बहिणीनं मला खोली खोली फिरवून हेच सांगितलं.

पण काल तुम्ही त्या खिडकीतून रिकामा कप आत सरकवलात आणि म्हणालात, "जरीना, चहा छान झालाय आज." मी कप घेतला. तुम्हाला कळलंसुद्धा नाही.

गेलेल्या बाईचा हेवा करू नये, आपाही तेच म्हणेल. पण मला होतो.

सिमेंट अजून ओलं आहे, विटा हातानंही निघतील. काढायच्या असतील तर मी नसताना काढा. नाही काढल्यात, तर मला न्यायला या.

नसीम