फळी बसवण्याविषयी, विचारलंस म्हणून

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. (तुला नातवंडं झाली तरी आशीर्वादच. थोरलेपणातून कुणी निवृत्त होत नाही.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? तुझ्या ह्यांचा खोकला गेला, की अजून पाहुण्यासारखा ठाण मांडून बसलाय? मी बरी आहे. भूक लागते, झोप येते आणि चष्मा सापडतो, फक्त शोधावा तिथे सापडत नाही.

तू विचारलंस, सुताराला न बोलावता भिंतीला फळी कशी बसवायची. अगदी योग्य माणसाला विचारलंस. मी नुकतीच बसवायला घेतली होती. तुझ्या भाच्याने फोनवर सांगितलं, "आई, घर बघायला माणसं आणतोय, जरा नीटनेटकं कर, पुस्तकं जमिनीवर नकोत." (घर विकून मी त्याच्याकडे राहायला जायचं, असं ठरलंय. म्हणजे त्याने ठरवलं आणि मी बरं म्हटलं. तुला माहीतच आहे, मला बरं म्हणायची लहानपणापासून सवय आहे.) तेव्हा आता नीट वाच.

आधी भिंतीवर खूण करावी. मी शाळेतल्या सवयीने डाव्या हाताला समास सोडला, पट्टीने रेघ मारली. इतकी सुरेख आली, की सुईकामाच्या सिस्टरांनी पाठ थोपटली असती. (त्यांनी आपल्याला काज शिकवलं, रफू शिकवलं, उशीच्या अभ्र्यावर फुलं काढायला शिकवलं. भिंतीचं काही शिकवलं नाही. उशा बायकांच्या आणि भिंती पुरुषांच्या, असं त्यांना वाटत असावं.) मग भिंत किती जाड आहे ते विचारावं. हे मला सगळ्यांत शेवटी कळलं. दुकानदार म्हणाला, ड्रिलचं बिट केवढं देऊ? मी म्हटलं, चांगलं लांब द्या, काम मजबूत हवंय. घरी येऊन मशीन भिंतीला लावलं, डोळे मिटले (तू मिटू नकोस) आणि दाबलं. आधी चुना, मग वीट, नाकातोंडात लाल भुकटी, आणि मग एकदम काहीच नाही. हात पुढे गेला तो गेलाच. मशीन थांबवलं, तर भिंतीपलीकडून कुणीतरी अगदी मायेने विचारलं, "दुखतंय का?"

शेजारचे दातांचे डॉक्टर. दवाखाना कधीच बंद केलाय, एकटेच असतात. इतक्या वर्षांत आमची ओळख जिन्यात मान हलवण्यापुरती. मशीनचा तो आवाज ऐकला की त्यांच्या तोंडून आपोआप तेच निघतं म्हणे. माझं बिट त्यांच्या कॅलेंडरमधून बाहेर आलं होतं, नेमकं रविवारच्या रकान्यातून. मी भोकाशी तोंड नेऊन म्हटलं, "छे छे, काही नाही!" आणि मग माफी मागितली.

ते त्यांचा तो छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन आले. भोक सगळ्या बाजूंनी पाहिलं, टोकरलं, आणि म्हणाले, वरून लहान दिसतंय, पण आत भुसभुशीत आहे, भरण्याआधी साफ करावं लागेल. मग साफ केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. पुट्टी भिजवली की नेमका चहा उकळायचा, आणि चहा होईपर्यंत पुट्टीचा दगड व्हायचा. (पुट्टी थोडी थोडीच भिजवावी, ही एक सूचना. चहाचं मात्र उलट.) भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्या भिंतीला तोंडही फुटलं. सकाळी तिकडून विचारणा, पेपर वाचला का? इकडून विचारणा, औषध घेतलंत का?

आणि चिमे, दुपारची गंमत ऐक. डोकं दुखत होतं म्हणून मी एकदा खिडकीचे पडदे ओढून पडले होते. समोरच्या भिंतीवर काहीतरी हलताना दिसलं. त्यांच्या खोलीतला उजेड त्या भोकातून येऊन माझ्या भिंतीवर त्यांची खिडकी पडली होती, उलटी. खिडकीबाहेरचं झाड वरून खाली लोंबत होतं, पानं छताऐवजी माझ्या कपाटाकडे झुलत होती. आठवतं, विज्ञानाच्या सिस्टरांनी पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून उलटी मेणबत्ती दाखवली होती, आणि तू खोकंच उलटं धरलं होतंस? तसंच. आभाळ जमिनीला टेकलेलं. मधूनच डॉक्टर खाली डोकं वर पाय असे त्यातून चालत जायचे, कुंडीला पाणी घालायचे, आणि पाणी खालून वर जायचं. मी रोज दुपारी पडदे ओढू लागले. इतक्या हळू चालणाऱ्या दुपारी मी लहानपणानंतर पाहिल्या नव्हत्या.

पण माणसं घर बघायला यायची होती. मी मन घट्ट केलं आणि सकाळीच भोक भरलं. छान भरलं, बोटाने गुळगुळीत केलं. दुपारी पडदे ओढून बसले. समोर भिंत. नुसती भिंत, ग. कितीतरी वेळ मी तिच्याकडे पाहत राहिले. मग उठले, विणायची सुई घेतली आणि ओल्या पुट्टीत हळूच खुपसली. (वाडग्यात पुट्टीचा लगेच दगड होतो, पण भिंतीत खोलवर ती पुरती वाळायला वेळ लागतो, हे किती बरं.) सुई अर्ध्यावर गेली आणि कशाला तरी टक्कन लागली. पलीकडूनही कुणीतरी टोकरत होतं. टोकाला टोक लागलं होतं. त्यांची दात टोकरायची सळई.

दोघांनीही हात मागे घेतला. भोकातून बारीक उजेड आला, आणि पाठोपाठ आवाज, "दुखतंय का?"

या वेळी मी म्हटलं, "हो. जरासं."

तर फळी बसवण्याचं हे असं आहे. घाई करू नकोस. तुझ्या ह्यांना माझा नमस्कार, नातवंडांना गोड पापा.

तुझी,
ताई

ता. क. फळी अजून बसलेली नाही. पुस्तकं जमिनीवरच आहेत. तू सरळ सुताराला बोलाव.

ता. क. आणखी एक. तू भाच्याची लाडकी मावशी, तुझं तो ऐकतो. त्याला सांग, घर बघायला कुणाला आणू नकोस, आईला ते विकायचं नाही. मला त्याच्याशी बोलताना पुन्हा बरं म्हणायची भीती वाटते. गवंडी येऊन पाहून गेलाय, म्हणाला, या मधल्या भिंतीवर छताचा भार नाही, दार सहज बसेल. दार झालं की ते दुपारचं चित्र जाणार, याचं जरा वाईट वाटतं. पण मग डॉक्टर सुलट दिसतील.

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा उघडलं. घरकामातलं तुला एकच विचारायचं राहिलं. दाराला कडी कोणत्या बाजूने लावावी? डॉक्टर म्हणतात, माझ्या बाजूने. मी म्हणते, त्यांच्या. गवंडी म्हणतो, एवढा घोळ असेल तर लावताच कशाला?