बॉनेटखालची चुनरी

कोपरखैरणे गाव
९ नोव्हेंबर २०२५, रविवार दुपार

प्रिय जागृतीताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार, पिल्लांचे माझ्या वतीने गालगुच्चे. उद्या हरेशचा चुलतभाऊ रणजीत उरणला येतोय, त्याच्याकडे सुक्या सोड्यांची पिशवी देतेय. उरणात सोड्यांचा काय दुष्काळ पडलाय, पण आमच्या सासूबाईंपुढे कोण बोलणार! पत्र त्याच पिशवीत घालतेय. फोन का केला नाही म्हणून चिडू नकोस. तुझा आवाज ऐकला की मला रडू येतं, मग सासूबाई चुलीपुढून विचारतात, "काय झाला गो?" आणि मी दर वेळी कांद्यावर ढकलते. एवढे कांदे आमच्या घरात चिरले जात नाहीत.

मी ठीक आहे. आठवा महिना सरत आलाय. हल्ली बांगड्या घट्ट होतात, म्हणून काढून ठेवल्यात. बाकी ठीक.

मोठी बातमी म्हणजे हरेशने गाडी घेतली. सेकंडहँड, पांढरी, मागच्या दारावर लांबलचक ओरखडा. का घेतली ते तुला सांगायला नको. गेल्या खेपेला रिक्षा वाशीच्या वाटेवर अडकली होती. सासूबाई मला छातीशी धरून बसल्या होत्या आणि सारख्या रिक्षावाल्याच्या पाठीवर थापा मारत होत्या. आम्ही पोचलो तेव्हा बाळाचे ठोके लागले नाहीत. तेव्हापासून हरेशचं एकच, पुढच्या वेळी दारात आपली गाडी उभी पाहिजे.

गाडी आली, दारात पूजा झाली, चाकांखाली लिंबं चिरडली. मला बरं वाटलं गं. आणि मंगळवारी तपासणीला निघालो तर दुसऱ्याच सिग्नलला इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला. एसीतून गरम हवा, मग बॉनेटमधून वाफ. हरेशने गाडी कडेला घेतली. मी दुभाजकावर बसले, पोटावर दोन्ही हात ठेवून. मागून हॉर्न, पुढे वाफ, आणि माझ्या डोक्यात सारखी तीच रिक्षा. ताई, मी इतकी घाबरले की मला उठताच येईना. तपासणी राहून गेली.

मग सुरू झाले उद्योग. हरेशने स्वतः इंजिन गार ठेवणारं कूलंट भरलं. आमच्या गल्लीतल्या दत्तू मेकॅनिकने थर्मोस्टॅट बदलला. पाम बीच रोडला मोकळ्या रस्त्यावर पळवली तर काटा अगदी शहाण्यासारखा मधोमध. कोपरखैरण्यात शिरून गर्दीत उभी राहिली की पुन्हा लाल. रोज बॉनेट उघडायचं, दोघांनी वाकून बघायचं, मान हलवायची आणि बंद करायचं. मी वरून खिडकीतून बघत होते. मला एक कळेना, बॉनेट बंद करण्याआधी दोघे हात का जोडतात?

आज सकाळी शेवटी मीच खाली उतरले.

दत्तूला म्हटलं, "पळताना गार आणि उभी राहिली की गरम, हे काय आहे?"

तो म्हणाला, "पलत्या गाडीला हवा लागते, वहिनी. उभ्या गाडीला पंखा लागतो. तो पंखा फिरत नाय."

"का फिरत नाही?"

दत्तूने हरेशकडे बघितलं, हरेशने स्वतःच्या चपलांकडे. मग मीच वाकून बघितलं. पंख्यामागच्या जाड पाइपला लाल चुनरी बांधलेली, आणि तिचं टोक पंख्यात ओढलं जाऊन पात्यांना घट्ट गुंडाळलेलं.

"बगितला व्हता आमी," दत्तू म्हणाला. "पन आयची वस्तू हाय. हात कसा लावाचा?"

ती सासूबाईंनी बांधली होती, पूजेच्या दिवशी. कार्ल्याहून एकवीरा आईची आणलेली. बाहेर आरशाला बांधली तर कुणाची नजर लागेल म्हणून आत, लपवून. मूल मांडीवर येईपर्यंत गाठ सोडायची नाही, मग सगळ्यांनी मिळून ती आईच्या पायाशी न्यायची, असा नवस. हरेशला माहीत होतं. दत्तूला बघताच कळलं होतं. नवीन थर्मोस्टॅट बसवला बिचाऱ्याने, पण चुनरीला बोट लावलं नाही!

मला आधी हसू आलं आणि मग नवस आठवून ते विरलं. दोघे पुरुष दोन पावलं मागे सरकलेले. सासूबाई दारात उभ्या. गाठ मी सोडली, ताई. माझ्या हातांनी. टोक ओढून काढताना फाटलं, काळं झालं होतं. दत्तूने जळलेला फ्यूज बदलला आणि पंखा भर्रकन फिरला. गाडी खूप वेळ उभी चालू ठेवली, काटा हलला नाही.

सासूबाई दारातून पुढे आल्या. चुनरी माझ्या हातातून घेतली, धुतली, दोरीवर वाळत घातली. जेवायला बसल्या नाहीत.

संध्याकाळ

पत्र दुपारी इथेच संपवणार होते. पण मी तुझ्याशी खोटं बोललेय, आणि ते आत ठेवून मला बसवत नाही.

माझं डोकं सकाळपासून ठणकतंय. आता डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, लिहिताना मधलीच अक्षरं दिसेनाशी होतात. बांगड्या घट्ट झाल्या नव्हत्या, हात सुजलेत. पायात चपला जात नाहीत. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, अशी सूज आली, असं डोकं दुखलं, की तिथल्या तिथे निघून यायचं. मला सगळं पाठ आहे.

आणि तरी मी गप्प बसलेय. का, सांगू? मी आता तोंड उघडलं, तर घरात प्रत्येकाच्या मनात एकच येईल, हिने सकाळी गाठ सोडली आणि संध्याकाळी हे झालं. सासूबाई बोलणार नाहीत, पण दोरीवरच्या चुनरीकडे बघतील. त्या बघण्याची मला भीती वाटते. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच येतंय. सूज मंगळवारच्याही आधीची आहे, हे ठाऊक असूनसुद्धा.

दुपारी लिहिलेलं पुन्हा वाचलं. दत्तूने बघितलं आणि बॉनेट बंद केलं. हरेशने बघितलं आणि बंद केलं. मला त्यांचं हसू आलं होतं. मी दुसरं काय करतेय?

बाळ दुपारी हललं होतं. आता मी हात ठेवून वाट बघतेय.

उठते. सांगते सासूबाईंना.

ताई, दोनच ओळी. हरेश खाली गाडी सुरू करून उभा आहे. सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी माझे हात उलटेपालटे करून बघितले आणि त्यांचाच चेहरा पांढरा पडला. दोरीवरची ओली चुनरी काढली आणि माझ्या मनगटाला बांधायला लागल्या. गाठ काही बसेना. म्हणाल्या, "ती जागा चुकली माजी. आता हितं बांधतंय. हितं पंखा नाय."

आत्ता बाळ हललं. एकदाच, पण हललं.

रणजीतला उद्याऐवजी आत्ताच पाठवतेय. फोन करू नकोस, तुझा आवाज ऐकून मी रडत बसेन; सरळ वाशीच्या दवाखान्यात ये, गेल्या खेपेच्याच.

खूप घाबरलेली, पण निघालेली,
तुझी उन्नती