तिसऱ्या क्वार्टरनंतरची सतरा मिनिटं

प्रिय उत्पला,

उपांत्य फेरी हुकल्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस. म्हणून लिहिते आहे. पाठवेन असं वाटत नाही. सगळ्यांसमोर मी आयोजकांवरच तुटून पडते. म्हणे राष्ट्रीय बास्केटबॉल लीग! पाहुणे उशिरा आले म्हणून बायकांचा रंगात आलेला सामना थांबवून शाली वाटतात. पुरुषांच्या सामन्यात करून दाखवा म्हणावं.

पण नागपूरच्या सामन्यांची निवेदिका मी होते, माइक माझ्या हातात होता. तुझा संघ नऊ गुणांनी पुढे होता. दोन मिनिटांची विश्रांती सतरा मिनिटं लांबली, त्यातली अकरा माझ्या भाषणाची. विषय होता, स्त्रियांना मैदान द्या.

तू बाकावरून ओरडलीस, "ताई, बस कर ना वं! पोरींचं आंग थंडं पडून राह्यलं!"

मला ऐकू आलं होतं. टाळ्या वाजत होत्या, म्हणून मी आणखी बोलले. नंतर चेंडू रिंगला लागून परत येत राहिला आणि तुम्ही तीन गुणांनी हरलात.

निघताना पाहुणे म्हणाले, "मॅडम, काय बोलता हो तुम्ही!" त्यांच्या मागे तुम्ही कोर्टवर बसून रडत होता. मी हसून त्यांचे आभार मानले.

तुझी ताई,
संघमित्रा